आपला बदाम पोचला

आमच्या दत्तूभाऊंना कुणी फुटका बदाम पाठवला, तरी ते त्याची पोच देतात. बदाम म्हणजे फोनवरचा, तो लाल. इंटरनेटवर एका गाण्याखाली नागपूरच्या कुण्या मुलानं मधोमध चिरलेला बदाम टाकला होता, पुढे एक अक्षर नाही. भाऊंनी उत्तर दिलं, 'सप्रेम नमस्कार वि. वि. आपला फुटका बदाम पोचला. लवकर बरा व्हावा. कळावे.'

भाऊ रिटायर्ड पोस्टमन. मूळचे जवळच्या भाजे गावचे, आता लोणावळ्यात माझे शेजारी. ज्या गाण्याखाली हा पत्रव्यवहार चालतो, ते त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, मुक्ताचं. नाव 'दोन ताटं'. त्यात ना ढोलकी, ना नाचायची सोय. एक गिटार, वाटीवर चमचा आपटल्याचा आवाज आणि मुक्ताचा नुकत्याच झोपेतून उठल्यासारखा गळा. पहिल्यांदा ऐकून माझ्या बायकोनं विचारलं होतं, "ह्याला चाल कधी लावणार?" आणि बघता बघता ते लाखो लोकांच्या फोनवर वाजायला लागलं. चिक्कीच्या दुकानांत वाजतं, रिक्षांत वाजतं. अख्ख्या गल्लीची छाती फुगली. मी तर गिऱ्हाइकाच्या हातात झेरॉक्स देता देता सांगतो, "गाणारीचं घर आमच्या भिंतीला लागून!"

फुगले नाहीत ते एकटे भाऊ. तोंडानं हा माणूस दिवसाला पाच-सहा शब्द खर्च करतो. 'व्हय', 'न्हाई', 'बघू', संपलं. पण रोज चारच्या ठोक्याला ते चष्मा पुसत माझ्या झेरॉक्सच्या दुकानात हजर. लोकांनी गाण्याखाली काय लिहिलंय ते मी वाचून दाखवायचं, त्यांनी कागदावर उत्तर खरडायचं आणि टायपिंग पुन्हा माझ्याकडे. सही एकच, 'एक श्रोता'.

कुणी लिहिलं, 'दिवसभर हेच ऐकतोय'. भाऊ : 'सलग ऐकू नये. कान दुखतात. मधे चहा घ्यावा.' कुणी लिहिलं, 'ऐकून खूप रडले'. भाऊ : 'रडून झाल्यावर तोंड धुवावे. बरे वाटते. अनुभव आहे.'

"भाऊ, एवढ्या सगळ्यांना कशाला?" मी एकदा वैतागून म्हटलं.

"पत्र आलं की उत्तर द्याया लागतं."

मुंबईत राहणाऱ्या मुक्ताला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि गाणं कशावर आहे, हे मी भाऊंसमोर कधी काढलं नाही. आई गेल्यावर घरात बाप आणि लेक. दोन ताटं समोरासमोर, मधे रेडिओच्या बातम्या. बाप वाढतो, लेक जेवते, कुणी कुणाशी बोलत नाही. शेजारी राहून हे जेवण मी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकलंय. चमच्याचा आवाज यायचा, माणसांचा नाही.

गेल्या मंगळवारी गावातल्याच एकानं गाण्याखाली लिहिलं, 'मी हिच्या वडिलांना ओळखतो. देवमाणूस आहे. नाव कमवायला पोरीनं बापाची बदनामी केली.' झालं, माना डोलवणारे शंभर जमले. शेवटी मुक्तानं स्वतः लिहिलं होतं, 'एवढं वाईट वाटत असेल, तर मी उद्या गाणं काढून टाकते.'

मी ते वाचून दाखवलं. भाऊंनी कागद ओढला, 'सप्रेम नमस्कार'पर्यंत आले आणि पेन थांबलं.

"ह्यो मानूस माज्या बाजूनं बोलतोय," ते म्हणाले.

"हो, भाऊ."

"पन खोटं बोलतोय."

मग त्यांनी माझ्या हातून आपला फोन घेतला. एक एक अक्षर शोधत, जाड बोटानं, त्या दिवशी त्यांनी स्वतः टाइप केलं.

'सप्रेम नमस्कार. गाण्यातला बाप मीच आहे. गाणे खरे आहे. तिची आई गेल्यावर मला बोलणे जमले नाही, पोर वाट बघत राहिली. माझी मुलगी खोटे बोलत नाही. गाणे काढू नये.' खाली स्वतःचं पूर्ण नाव, आणि त्यापुढे 'पोस्टमन, निवृत्त'.

"लय झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही भाऊ. बरोबर आहे."

गल्लीला मुक्ताचा अभिमान आहेच. मला त्या क्षणी तिच्या बापाचा जास्त वाटला. चारचौघांत आपली चूक अशी कबूल करायला छाती लागते, माझ्यात ती नाही.

दहा मिनिटांत फोन वाजला. पडद्यावर मुक्ताचं नाव. भाऊ उठून उभे राहिले, शर्टाची वरची गुंडी लावली, घसा खाकरला आणि मगच फोन कानाला लावला. मी दुकान त्यांच्यावर सोडून बाहेर आलो. एक कॉलेजची मुलगी आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आली, तिला मी चांगलं चाललेलं मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं. पुढच्याही दोघांना तेच सांगितलं. पाऊण तास झाला तरी आतून भाऊंचाच आवाज येत होता.