व्हॉल्व्हच्या खडावा

अमरावतीत आमच्या गल्लीतल्या रेडिओला गावातला एकही कारागीर हात लावत नसे. मागचं झाकण काढायचा, आत डोकावायचा आणि विचारायचा, "बापूसाहेब वकिलांच्या शेजारी राहता का?" हो म्हटलं की झाकण परत लावून द्यायचा.

बापूसाहेबांचं वैर रेडिओच्या व्हॉल्व्हशी होतं. काचेचे ते दिवे, खाली आठ पाय. पाय सारखे, खोबणीही सारख्या. पण वीज कुठल्या पायानं आत शिरणार, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. "कायदा म्हून काई हाये का नाई? मी नाई मानत," हे त्यांचं पालुपद. कोर्टात निकाल विरुद्ध गेला तरी ते हेच म्हणत. फक्त बाहेर आल्यावर.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. त्याच गुर्मीत एका रविवारी घरच्या रेडिओचे सगळे व्हॉल्व्ह काढून पुसले आणि परत बसवले. छान बसले. बातम्यांऐवजी धूर आला. वासानं बापूसाहेब आले. बायकोनं माझी तक्रार मांडली, तर म्हणाले, "मास्तरची काय चूक, वहिनी? भलत्या जागी थो व्हॉल्व्ह बसलाच कावून?"

इतका बिनतोड बचाव माझा जन्मात कुणी केला नव्हता. फी म्हणून रेडिओ काही दिवस त्यांच्या घरी गेला. त्यांनी आतल्या तारा तोडून आपल्या कायद्यानं जोडल्या. जळक्या व्हॉल्व्हच्या बुडांपासून प्रत्येक व्हॉल्व्हच्या पायाखाली घालायच्या बैठका केल्या, म्हणजे वीज सगळ्यांत एकाच पायानं शिरावी; नाव ठेवलं खडावा. "आमच्या गल्लीत यायचं तं खडावा घालून या." आता व्हॉल्व्ह चुकीच्या जागी बसला तरी जळत नसे. रेडिओ नुसता रुसायचा. हळूहळू गल्लीतले सगळेच रेडिओ त्यांनी असे करून टाकले.

हे सारं मी वकिली खाज समजत होतो. मग एकदा त्यांच्याबरोबर अकोल्याला गेलो, त्यांच्या थोरल्या बहिणीकडे. गोदूताई विधवा, एकट्या. डोळे पार गेलेले. पूर्वी चाचपून व्हॉल्व्ह बदलताना त्यांच्या हातून एक जळाला होता. भिंतीपलीकडचा शेजारी रेडिओ दुरुस्त करायचा; तो म्हणाला होता, "मावशी, आंधळ्या मानसानं याले हात लावू नये." तेव्हापासून त्यांनी रेडिओवर कापड टाकलं होतं.

बापूसाहेबांनी ताईंचा तो रेडिओ आधीच नेऊन नव्यानं जोडून आणला होता. खडावा घातलेले व्हॉल्व्ह त्यांनी ताईंच्या ओटीत ओतले आणि स्वतः हात मागे बांधून उभे राहिले.

ताईंनी काचा चाचपत एकेक बसवला. बटण फिरवलं. काही नाही. दोन व्हॉल्व्हची अदलाबदल झालेली मला दिसत होती. मी पुढं सरलो. बापूसाहेबांनी माझं मनगट धरलं.

"चुकू द्या तिले."

ताईंनी बटण बंद केलं, व्हॉल्व्ह निवू दिले, काढले, पुन्हा चाचपले. दुसऱ्या खेपेला रेडिओ खरखरला आणि भजन लागलं.

ताईंचा हात पुन्हा बटणाकडे गेला. मग म्हणाल्या, "बापू, आवाज कमी करू का? शेजारी झोपला असंन दुपारचा."

बापूसाहेबांनी आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं.

"वाढव," ते म्हणाले. "आनखी वाढव."