भरोसा ड्राइव्ह

गोमतीत बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी लखनौच्या जलसुरक्षा विभागाकडे एक वेगवान बोट होती, आणि ती बुडणाऱ्यापर्यंत वेळेत पोहोचत नाही, अशी तक्रार होती. तेव्हा विभागाने तिला दुप्पट ताकदीचं, चारशे अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणारा, दातेरी चाकांचा जो ड्राइव्ह असतो, तो मात्र जुनाच ठेवला. तो पाण्याखाली असतो, आणि पाण्याखालच्या वस्तूचं उद्घाटन करता येत नाही.

विभागाचे यांत्रिकी अभियंता भाऊराव मेश्राम मूळचे नागपूरचे, आता लखनौच्या महानगर भागातल्या सरकारी क्वार्टरात मुरलेले. त्यांना हे पाहून घाम फुटला. टांगा जुना आणि घोडा अरबी! बोट पूर्ण वेगात लाटेवरून उडाली की पंखा हवेत मोकाट फिरणार, आणि परत पाण्यात आपटला की दाते कटाकट तुटणार. मग ना जोर, ना वळण. त्यातून दिवस पावसाळ्याचे, आणि प्रवाह बोटीला जिकडे ओढणार तिकडे खाली बंधाऱ्याचे दरवाजे सताड उघडे. मासिक बैठकीत ते धीर करून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, इस ड्राइव पर भरोसा नहीं किया जा सकता."

आता नशीब बघा. त्याआधीचा विषय वृक्षारोपण ड्राइव्हचा होता. कचेरीत ड्राइव्ह म्हणजे अभियान. त्याचा आणखी काही अर्थ असेल, हे तिथे कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. इतिवृत्तात नोंद झाली की अभियानांवर कर्मचाऱ्यांचा भरोसा उरलेला नाही, सबब बाब गंभीर आहे. उपाय म्हणून पंधरवडाभराचा 'भरोसा ड्राइव्ह' जाहीर झाला. आणि ज्याने दुखणं सांगितलं त्यालाच वैद्य करायचं, या न्यायाने नोडल अधिकारी झाले भाऊराव.

भाऊराव धावत संचालक निगमसाहेबांकडे गेले. बोटांत बोटं अडकवून दाते कसे तुटतात ते त्यांनी दाखवलं. साहेब मूर्ख नव्हते. असते तर बरं झालं असतं. त्यांना सगळं लगेच कळलं.

"अच्छा, गियरवाला ड्राइव," साहेब म्हणाले. "बात आपकी सही है. पर मेश्रामजी, ऊपर तो अभियानवाला जा चुका है. अब गियर बोलेंगे तो लगेगा, हमें ही भरोसा नहीं."

नव्या ड्राइव्हसाठीची तरतूद तोवर बॅनर आणि टोप्यांवर उडाली होती. लेखापरीक्षकांची हरकत नव्हती. तरतूद ड्राइव्हसाठी होती आणि खर्च ड्राइव्हवरच झाला होता. सर्व कर्मचाऱ्यांनी छातीवर हात ठेवून भरोशाची शपथ घेतली. मग कुणीतरी शंका काढली की बोटीचं काय, म्हणून बोटीलाही शपथ देण्यात आली. ती गप्प राहिली, ते संमतीदर्शक मानलं गेलं.

समारोपाला बोटीचं पूर्ण वेगात प्रात्यक्षिक ठरलं. जनतेचा भरोसा दिसावा म्हणून पुढच्या सीटवर एक शाळकरी मुलगी, 'भरोसा दूत', बसणार होती. अलीगंजच्या शाळेने एकमताने नाव पाठवलं: प्राची मेश्राम. नोडल अधिकाऱ्याची मुलगी म्हटल्यावर एकमत व्हायला कितीसा वेळ लागतो!

"पापा, फ्रंट सीट मिली है!" प्राची नाचतच घरी आली. ती आत गेल्यावर त्यांची बायको कमल हळूच म्हणाली, "अहो, ते तुटणार हे तुम्हाला माहीत आहे न? मग सगळ्यांसमोर काऊन बोलत नाही?"

भाऊरावांनी तिला समजावलं, की आता तोंड उघडलं तर बदली, तीही पार नेपाळच्या सीमेवर, आणि पोरीचं हे बारावीचं वर्ष. पण बाप तो बापच. सकाळी उठून त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावला आणि प्राचीला ताप आल्याचं कळवलं. प्राची रडली, भांडली, दार लावून बसली. भाऊरावांना मात्र इतकं हलकं वाटलं की लाज वाटायचीही राहून गेली.

समारोपाच्या दिवशी घाटावर मंडप भरला होता. नदी गढूळ आणि फुगलेली होती. शाळेने लगोलग दुसरी मुलगी पाठवली होती, वेदिका नावाची, आठवीतली. लाइफ जॅकेट तिला इतकं मोठं होत होतं की हनुवटी आत बुडाली होती.

"अंकल, डरने की बात तो नहीं है न?" तिने विचारलं.

भाऊरावांनी तिच्या जॅकेटचा पट्टा आवळला. मग पुन्हा आवळला.

"भरोसा रखो, बेटा," ते म्हणाले.

इंजिन गरजलं, बोटीचं नाक उचललं, मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. बंधाऱ्याच्या दिशेला पाठ करून भाऊरावही टाळ्या वाजवत होते.

तुम्हाला त्यांचा राग आला असेल. येऊ द्या, माणूस तसाच आहे. पण खरं सांगा, प्राची घरी राहिली तेव्हा तुम्हालाही हायसं वाटलं होतं ना? तिच्या जागी कोण बसेल, हे विचारलंत तुम्ही?