निळ्या झाकणाची बाटली

स्वयंपाकघरातला दिवा न लावण्याचा निर्णय मी केवळ बायको आणि मुलीवरच्या प्रेमापोटी घेतला होता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकून माझ्याबद्दल तुमचं जे मत व्हायचं ते होवो, सुरुवात तरी चांगल्या हेतूने झाली होती.

रविवारची पहाट होती. तीन महिन्यांची माझी मुलगी आणि तिची आई, दोघींचा आत्ता कुठे डोळा लागला होता, आणि मी डॉक्टर आणि पैलवान या दोन जुन्या मित्रांबरोबर सायकलने डोंगर चढायला निघालो होतो. (डॉक्टर म्हणजे दातांचा. पैलवान हा त्याच्या सायकलपेक्षा जेमतेम वजनदार आहे, म्हणून पैलवान.) बाप झाल्यापासून माझा डोंगर बंद होता. शेवटी बायकोच आदल्या दिवशी म्हणाली, "जाऊन ये एकदाचा. पण अकराच्या आत घरी हवास. मला मैत्रिणीकडे जायचंय, हिच्याजवळ तू थांबायचंस. मी सगळी तयारी करून ठेवलीये." मी हो म्हणालो. कसली तयारी ते विचारलं नाही, कारण तेव्हा मी सायकलच्या चेनला तेल देत होतो आणि ते काम लक्ष देऊन करावं लागतं.

डोंगरावर कॉफी करायची ती मीच, हा आमचा जुना रिवाज. छोटा स्टोव्ह, कॉफी, साखर रात्रीच बॅगेत गेली होती. राहिलं होतं दूध. अंधारात फ्रिज उघडला. (त्यातला दिवा कधीच गेलाय. तो बदलायचं काम माझ्याकडे आहे.) पातेल्यातलं दूध घ्यायचं तर साय बाजूला करा, गाळणं शोधा, भांडी वाजवा. तेवढ्यात खालच्या कप्प्यात हाताला एक काचेची बाटली लागली. दुधाने भरलेली, झाकण घट्ट लावलेली, बॅगेत बरोबर मावेल अशी. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही तयारी. बिचारीने रात्री एवढी दमलेली असताना माझ्या कॉफीची सोय करून ठेवली होती. माझं मन अगदी भरून आलं. तिच्यासाठी आपणही काहीतरी केलं पाहिजे, असा विचार करत मी बाटली उचलली आणि निघालो.

डोंगर चढताना माझी जी अवस्था झाली तिचं वर्णन करत नाही. पहिल्या वळणापर्यंत मी सायकलवर होतो, पुढे मी आणि सायकल, आम्ही दोघं बरोबर चालत गेलो, असं म्हणू. वर पोचलो तेव्हा डॉक्टर आणि पैलवान दगडावर बसून माझी, म्हणजे कॉफीची, वाट पाहत होते.

कॉफी मात्र फक्कड झाली. डॉक्टर म्हणाला, दूध जरा पातळ आहे, पण चव निराळी आहे. साखर पुढच्या वेळी कमी घाल, असाही सल्ला त्याने दिला. पैलवानाने एक कप संपवून दुसरा मागून घेतला. कौतुकाने मला चेव आला आणि मी बापपणावर बोलू लागलो. आमच्या घरी मुलीचं सगळं आम्ही निम्मं निम्मं करतो, जबाबदारी काही एकट्या आईची नसते, पुरुषांनी घरात डोळे उघडे ठेवून वावरलं पाहिजे, वगैरे. दोघंही अविवाहित असल्यामुळे मन लावून ऐकत होते.

इतक्यात फोन वाजला. बायको होती.

"अरे, फ्रिजमधली बाटली कुठे ठेवलीस?"

"कुठली बाटली?" मी विचारलं.

"निळ्या झाकणाची. आठवडाभर रोज रात्री थोडं थोडं काढून साठवलंय मी. मी नसताना हिला काय पाजणार आहेस तू?"

उजाडल्यावर प्रथमच मी त्या झाकणाकडे नीट पाहिलं. ते डॉक्टरच्या मांडीवर होतं आणि निळं होतं. आठवडाभर रात्री आमच्या खोलीत जी घरघर चालायची, ती दूध काढायच्या पंपाची होती, मी शेजाऱ्यांच्या पंख्याची समजत होतो. एकदा तर त्यांना जाऊन सांगणारही होतो की पंख्याला तेल द्या.

मी काय केलं असेल? मी म्हणालो, "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये," आणि फोन बंद केला. आवाज उत्तम येत होता. मागे मुलगी कुरकुरत होती, तीही स्पष्ट ऐकू येत होती.

"काय झालं?" डॉक्टरने विचारलं.

"घरात दूध नाहीये," मी म्हणालो. "मुलीसाठी."

"मग जाताना वाटेत घे."

"हे वाटेत मिळत नाही," मी म्हणालो.

डॉक्टरच्या आधी लक्षात आलं. तो रिकाम्या बाटलीकडे बघत राहिला, मग पैलवानाकडे. पैलवानाने कप हळूच खाली ठेवला. त्यात घोटभरच उरली होती.

"मी दोन कप प्यालो," तो म्हणाला. "वहिनींना मी आता तोंड कसं दाखवू?"

डॉक्टरने वैद्यकीय दृष्टीने धीर द्यायचा प्रयत्न केला. काही अपाय नाही, उलट पौष्टिकच असतं, असं तो म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "तसं पाहिलं तर आता आम्ही दोघं तुझ्या मुलीचे दूधभाऊ झालो. म्हणजे तू आमचा बाप." पैलवानाला हसू आलं नाही. मलाही नाही. ज्या दुधासाठी ती रात्र रात्र बसली होती, ते मी साखर घालून मित्रांना पाजलं होतं, आणि वर त्यांच्याकडून शाबासकी घेतली होती. मला माझीच लाज वाटली, आणि ती अशी की कान गरम झाले.

उतारावर मी सायकलवर बसूनच आलो. फक्त एकदा सायकल माझ्यावर बसली. गुडघा फुटला, कोपर सोलवटलं, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी काय सांगायचं ते जुळवत होतो.

घरी आलो तर बायको बाहेरच्या खोलीत तयार होऊन बसली होती. खांद्याला पर्स, मांडीवर मुलगी. मी दारातूनच म्हणालो, "बाटली फुटली." आणि मग सांगतच सुटलो. चुकून ती बॅगेत गेली, हे लक्षात येताच मी तसाच माघारी फिरलो, वळणावर अचानक कुत्रं आडवं आलं, तांबडं होतं, त्याला वाचवायला गेलो आणि बॅग नेमकी दगडावर आपटली. पुरावा म्हणून गुडघा दाखवला. (मी विमा कंपनीत भरपाईचे दावे तपासतो. दावा खोटा असला की त्यात कुत्रं येतंच, हे नव्या लोकांना मीच शिकवतो.)

तिने मला मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं.

"कुत्र्याला लागलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "पैलवान भावोजींचा फोन येऊन गेला. माफी मागत होते. दोन कप प्याले म्हणाले."

मी खाली बसलो. आता सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, पण तिच्यात तेवढं त्राण दिसत नव्हतं. मैत्रीण वाट बघत असेल का, असं मी चाचरत विचारलं.

"मैत्रीण गावाला गेलीये," ती म्हणाली. "चावी ठेवून गेलीये. मी तिच्याकडे झोपायला जाणार होते. दार लावून, सलग चार तास. महिनाभर मी त्या झोपेचाच विचार करतेय."

ते ऐकून मला खरोखर रडू आलं. मी म्हणालो, तू जा. आत्ता जा. मुलीला मी सांभाळतो, अगदीच भुकेली झाली तर तिथे घेऊन येईन, तू झोपल्या झोपल्या पाज, मी लगेच तिला परत आणेन. तुझी झोप मोडणार नाही, हा माझा शब्द. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ती गेली.

मी मुलीला फिरवलं, खुळखुळा वाजवला, हेल्मेट घालून दाखवलं. सगळं करून झालं, पण भूक काही हेल्मेटने भागत नाही. शेवटी तिला छातीशी धरून, लंगडत, दोन गल्ल्या पलीकडे मैत्रिणीच्या घरी गेलो. बायकोने दार उघडलं तेव्हा तिचे डोळे अर्धे मिटलेले होते आणि गालावर उशीची घडी उमटली होती. मुलीला घेऊन ती पुन्हा आडवी झाली. पाजून होईपर्यंत मी पलंगाच्या कडेला बसलो. अगदी कडेला, पाय जमिनीवर ठेवून, सावध.

जाग आली तेव्हा खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते. मी पलंगाच्या मधोमध होतो. अंगावर पांघरूण होतं, पायातले बूट काढून ठेवलेले होते, गुडघ्यावर पट्टीसुद्धा होती. बायको आणि मुलगी मात्र नव्हत्या. मी घाईघाईने फोन लावला.

"अगं, मला उठवायचं ना," मी म्हणालो.

"उठवलं होतं," बायको म्हणाली. "म्हटलं, हिला घरी ने, मला जरा पडू दे."

"मग?"

"तू म्हणालास, आजच्या दिवस तूच बघ, मी फार दमलोय. आणि कूस बदललीस."