पांढुर्ण्यातला सर्वांत जुना पिज्जा

सुभेदार बाबुराव शेळके यांचं कार्ड सौंसरला पोचलं तेव्हा दादाजी धोटे ओसरीवर बसून दाढी करत होते. कार्डात चारच ओळी होत्या. चौथी ओळ वाचताना त्यांनी कानाच्या जरा पुढे स्वतःला कापून घेतलं.

'शनिवारी बावीस डिसेंबरला सकाळच्या गाडीने पांढुर्ण्याला उतरतो. संध्याकाळच्या गाडीने पुढे जबलपूरला लेकीकडे. मधला दिवस तुझा. तू लिहितोस त्या तीन पिज्जा हॉटेलांतलं जे उत्तम असेल तिथे ने.'

पांढुर्ण्यात पिज्जाचं हॉटेल नव्हतं. तीन तर नव्हतीच. १९५६ साली नागपूर ते इटारसी या सबंध लाइनवर एखादं असेल, असं मानायलाही काही आधार नव्हता.

लढाईत दादाजी आणि सुभेदार इटलीत एकाच खेचर कंपनीत होते. नेपल्सला पोचल्यावर सगळ्यांना एक दिवसाची सुट्टी मिळाली होती आणि लोक पिज्जा खाऊन आले होते. कंपनी मोडली, खेचरं गेली, पिज्जा मात्र पत्रांत उरला. अकरा वर्षं दोघं एकमेकांना त्याबद्दल लिहीत होते. तीन वर्षांपूर्वी सुभेदारांनी 'साताऱ्यात तसलं काही मिळत नाही' असं कळवलं. त्यावर दादाजींच्या हातून 'आमच्या पांढुर्ण्यात मिळते' असं लिहून गेलं. पुढच्या पत्रात हॉटेलं दोन झाली, त्याच्या पुढच्यात तीन. ती पांढुर्ण्यात काढण्याचं कारण साधं होतं. सौंसरात काढली असती तर घरच्यांनी जाऊन पाहिली असती.

"कापलं काहून?" देवकाबाईंनी विचारलं. मग कार्ड वाचलं आणि पदर तोंडाला लावून मिनिटभर हसल्या. "सांगा ना त्याहिले, हॉटेलं जळाली म्हून."

"तिन्ही?"

"एकाच आगीत."

"एक स्टेशनापाशी आहे, एक बाजारात, अन् एक पार नदीकडं. तसं लिहून बसलो ना म्यां."

"मंग खरं सांगून टाका."

दादाजींनी कापलेल्या जागी तुरटी लावली. घरात त्यांनी ताप आला म्हटलं तरी देवकाबाई आधी कपाळाला हात लावून पाहत. बाजारात त्यांनी भाव सांगितला की लोक दुसऱ्याला विचारत. दादाजींनी सांगितलेलं प्रत्येक अक्षर खरं मानणारा जगात एकच माणूस होता, आणि तो शनिवारी येत होता. त्यालाच खरं सांगायचं म्हणजे उरलं काय?

दुसऱ्या दिवशी ते पांढुर्ण्याची बस धरून भाच्याकडे गेले. भाचा श्रीधर बीएस्सी होता आणि तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि वही उघडली.

"मामाजी, हॉटेल नाही तर नाही. पदार्थ बनवून घेऊ. पण मला माप द्या. व्यास किती?"

"ताटाएवढा."

"जाडी?"

"अर्धा इंच. नाई, पाव. तुकडा मोडला की कडकन् आवाज येते."

"मघाशी म्हणालात की मऊसूत असतो."

"मऊसूतच. पण कडकन्."

श्रीधरने दोन्ही लिहून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. "वर काय असतं?"

"टमाटराचा लेप. अन् त्याच्यावर दुधाचं कायतरी. त्याची तार सुटते, हातभर."

"पाकाची सुटते तशी?"

"हाव," दादाजी म्हणाले. मग थोडं थांबून, "तशीच असन."

एवढ्या माहितीवर मामा-भाचे स्टेशनापाशी भिवाजींच्या हॉटेलात गेले. भिवाजींचे भजे प्रसिद्ध होते.

"पिज्जा? करतो ना," भिवाजी म्हणाले. "तळून देतो."

"तळत नाई बावा, भाजते."

"भाजाले भट्टी पायजे. कढई तर तापून राहिली. तुमच्या इटलीत कढई नसन म्हून भाजत असतीन बिचारे."

बाजारातल्या सुरेश मिठाईवाल्याने टमाटराचं नाव ऐकून तोंड वाकडं केलं, पण 'दुधाचं' आणि 'तार' हे दोन शब्द पकडले. "खवा घालतो वरून, अन् पाक एकतारी. टमाटराचा मुरब्बा करू. साहेब बोटं चाटत जाईन."

नदीकडच्या खानावळीच्या मनकर्णाबाई चुलीपुढून उठल्याही नाहीत. "म्हणजे पानगे ना? कणकेचा गोळा थापाचा, पानात ठेवाचा, गोवऱ्यांच्या आरात भाजाचा. वरून टमाटरची चटणी अन् फाटलेलं दूध. याच्यात विलायती काय आहे?"

"हे विलायतेत खातेत, काकू."

"त्याहिले सांगाचं ना, आमी मारुतीच्या नवसाले करतो म्हून."

श्रीधरचा विचार असा होता की तिघांचे नमुने आधी खाऊन एक निवडायचा. पण दादाजींनी एक चूक केली होती. तिघांनाही त्यांनी 'मुंबई राज्यातून मिलिटरीचा साहेब येऊन राहिला, तीन हॉटेलांतलं उत्तम कोणतं ते पाहणार आहे' असं सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. सातारा मुंबई राज्यात होतं आणि सुभेदार मिलिटरीतले होते.

पण दिवस कोणते होते! नोव्हेंबरच्या एक तारखेला राज्यांची नव्याने आखणी झाली होती. नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं, पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशात राहिले होते, आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती. अर्धा गाव म्हणत होता, हे कायमचं आहे. उरलेला अर्धा म्हणत होता, अजून तपासणी व्हायची आहे. मुंबईचा साहेब येऊन गावाचं खाणं चाखणार, हे कळल्यावर गुरुवारी दुपारपर्यंत ती तपासणी हीच, असं ठरूनही गेलं.

"जेवणावरून राज्य ठरवून राहिले?" श्रीधरने शाळेतल्या शिपायाला विचारलं.

"मंग कशावरून ठरवाचं, सर? भाषा तर आपण दोन्ही बोलतो."

सुरेशची सासुरवाडी नागपूरची. त्याने गाव मुंबईत घालायचं मनावर घेतलं आणि खव्याचा थर दुप्पट केला. भिवाजींचा जावई भोपाळच्या कचेरीत नुकताच चिकटला होता. त्यांनी गाव आहे तिथेच ठेवायचं ठरवून तिखट वाढवलं. गुरुवारी संध्याकाळी भिवाजींच्या दारावर पाटी लागली: 'येथे पिज्जा मिळेल.' शुक्रवारी सकाळी सुरेशची लागली: 'येथे जुना पिज्जा मिळतो.' शुक्रवारी दुपारी भिवाजींनी आपली पाटी पुसून नवी रंगवली: 'पांढुर्ण्यातला सर्वांत जुना पिज्जा.' मनकर्णाबाईंनी पाटी लावली नाही. "मले लिहिता येत नाई," त्या म्हणाल्या, "अन् खाणाऱ्याले वाचाचं काम नाई."

शनिवारी गाडी वेळेवर आली. सुभेदार उतरले, दादाजींना मिठी मारली आणि स्टेशनाबाहेर येताच थबकले. समोर हातभर अक्षरांत पाटी होती.

"आरं दादाजी! तू लिवलं व्हतंस तसंच हाय की रं!"

दादाजींनी पाटीकडे पाहिलं. काही क्षण त्यांनाही वाटलं की हे हॉटेल पूर्वीपासून इथेच होतं.

भिवाजींनी कढईतून पिज्जा काढला. तो ताटाएवढा होता आणि मधोमध फुगला होता. सुभेदारांनी तो फोडला, वाफेत तोंड घातलं, घास घेतला, डोळे मिटले.

"अगदी तसाच," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सगळंच तिखटाचं नसावं.

दादाजींचा जीव भांड्यात पडला. त्यांना तिथेच थांबायचं होतं. पण भिवाजींच्या दारात जमलेली माणसं बाजारापर्यंत मागे आली. तिथे सुरेशने चांदीचा वर्ख लावलेला पिज्जा पुढे केला. सुभेदारांनी तुकडा उचलला. तार सुटली, मिशीला चिकटली, मिशीतून बाहीला गेली.

"अगदी तसाच," सुभेदार म्हणाले.

श्रीधरने वहीत नोंद केली आणि भुवया वर केल्या. मामांनी त्याच्या पायावर पाय दिला.

नदीकडे पोचेपर्यंत मागे शंभरएक माणसं होती. मनकर्णाबाईंनी त्यांना अंगणाबाहेर उभं केलं आणि दार लोटलं. आत तिघेच बसले. पान उलगडलं, राख झटकली गेली. पानगा खालून कडक होता, आतून मऊ. सुभेदारांनी तो सबंध खाल्ला, बोटं चाटली.

"अगदी तसाच."

श्रीधरला राहवलं नाही. चूक दिसली की बोलायचं, ही सवय त्याला शाळेने लावली होती. "माफ करा, काका. पहिला तळलेला होता, दुसरा गोड होता, तिसरा पानात भाजलेला. तिन्ही एकमेकांसारखे नाहीत. मग तिन्ही नेपल्ससारखे कसे?"

दादाजींनी डोळे मिटले. आता सगळं बाहेर येणार होतं. मग त्यांनी एक डोळा किंचित उघडून पाहिलं. सुभेदार जमिनीकडे बघत होते.

"दादाजी," ते हळूच म्हणाले, "रागावू नगंस. त्या दिशी म्या गेलोच न्हवतो."

"कोठी?"

"नेपल्सात. सुट्टीच्या दिशी एक बूट शिवायला टाकला व्हता. एका बुटावर शहरात जाऊ व्हय? तंबूत बसून ऱ्हायलो. तू समदं खाऊन आलास, पत्रात इतकं झकास लिवलंस, मग म्याबी लिवलं. माझी समदी म्हाईती तुझीच रं."

"माझी?" दादाजी ओरडलेच. "माझी कोठची? म्यां तर त्या दुखऱ्या खेचराजवळ बसून होतो दिवसभर! माझी माहिती तर तुमची! तार सुटते म्हून तुमीच लिहिलं!"

"कडकन् आवाज येतो, हे तू लिवलंस!"

"मऊसूत कोणं लिहिलं?"

"ते म्या," सुभेदारांनी कबूल केलं.

श्रीधरने वहीतलं प्रश्नचिन्ह खोडलं.

चुलीशी मनकर्णाबाई इतक्या हसल्या की फुंकणी हातातून पडली. बाहेर कुणीतरी दार ठोठावलं. "साहेब, झालं का? मंग कोणत्या राज्यात?"

सुभेदार उठले, पटका सारखा केला आणि दार उघडलं. शंभर तोंडं वर झाली. सगळ्यांत पुढे सुरेश आणि भिवाजी होते.

"लोकहो," सुभेदार कवायतीच्या आवाजात म्हणाले, "ज्यानं इटलीतला पिज्जा खाल्ला असंल त्यानं पुढं यावं अन् निकाल द्यावा."

कुणी हललं नाही. लोकांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग सगळ्यांनी मिळून दादाजींकडे. अकरा वर्षांत पहिल्यांदाच दादाजी एक पाऊल मागे सरले. निकाल लागला नाही, आणि पांढुर्णा होतं त्याच राज्यात राहिलं.

संध्याकाळी तिघे स्टेशनाकडे निघाले. मग सुभेदारांनी विचारलं, "दादाजी, पिज्जाचं जाऊ दे. तुझी पाचशे संत्र्याची झाडं तरी खरी हायत नव्हं?"

दादाजी थांबले. त्यांनी श्रीधरकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, आणि मोठा श्वास घेतला.

"एकशे बारा," ते म्हणाले. "त्यातली नऊ वाळून गेली."

सुभेदार त्यांच्याकडे बघत राहिले. मग खदाखदा हसले आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"आता उगं लाजू नगंस, गड्या! एक पिज्जा खोटा निघाला म्हून समदंच लपवतोस व्हय? पाचशेच असणार. तू लिवलंस न्हवं!"

"नाई हो, सुभेदार साहेब. खरंच सांगून राहिलो. एकशे बाराच."

"पाचशे!"

"श्रीधर, तू सांग ना!"

"एकशे तीन, काका," श्रीधर म्हणाला. "नऊ वाळलेली वजा केली तर."

"भाचा मामाचीच बाजू घ्येणार," सुभेदार म्हणाले. इटारसीकडची गाडी शिट्टी देत फलाटाला लागत होती. त्यांनी तिच्याकडे पाठ केली आणि वळकटी खांद्यावर टाकली. "सौंसरची बस कुटनं सुटते? जबलपूर काय, उद्याबी हाय. म्या सोता मोजणार."