बापूसाहेब काही ठेवून घेत नाहीत

आमचे घरमालक बापूसाहेब. त्यांना दिवाळीत काही द्यायचं म्हणजे भिंतीवर चेंडू मारायचा. टप्पा पडतो न पडतो तोच तो परत आपल्या अंगावर येतो, आणि दुप्पट जोरात.

पहिल्या दिवाळीला आमच्या हिनं, म्हणजे नलूनं, त्यांना डबाभर चिवडा दिला. तासाभरात डबा परत. आत गच्च लवंगी शेव, वर कागदात बांधलेली तिळाची गजक, आणि डब्याचं सैल झाकण ठोकून नीट बसवलेलं. "रिकामा डबा कसा देणार भिया?" बापूसाहेब दारातूनच म्हणाले. "आणि आपण तो सिंगल माणूस. आपल्याला काय करायचंय?"

हे 'आपल्याला काय करायचंय' त्यांचं ठरलेलं. स्वेटर दिला, तर दुसऱ्या दिवशी तो आमच्याच दूधवाल्याच्या अंगात. मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "अरे यार, तो पहाटे थंडीत सायकलवर निघतो, आपण रजईत असतो." पुढच्या वर्षी भिंतीवरचं घड्याळ दिलं, तर खिळा-हातोडी घेऊन वर आले आणि आमच्याच स्वयंपाकघरात ठोकून गेले. का, तर वहिनींना पोरांच्या शाळेचा टाइम बघावा लागतो. मी आधीच तापट. म्हटलं, "बापूसाहेब, ही भेट आहे, निमूटपणे ठेवून घ्या." तर ते खिळा हलतोय का तेच बघत राहिले.

मल्हारगंजात त्यांचं दुमजली घर. खाली ते एकटे, वर आम्ही. स्वतःच्याच घरात वर यायचं, तरी जिन्याच्या पहिल्या पायरीवरून विचारणार, "वहिनी, येऊ का? की नंतर येऊ?" टाकी स्वतः उतरून धुणार. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्या दाराला जुनं धोतर बांधून ठेवणार, गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघून परतणाऱ्या पोरांनी दार रंगवू नये म्हणून. मी नोकरीला होतो त्या मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत सगळे आपापल्या घरमालकांना शिव्या घालत बसायचे. मला त्या गप्पांत बोलायला काही नसायचं, त्याचाही मला राग यायचा.

मग मिलच बंद झाली. मी तिथे टाइम ऑफिसात कारकून. गेटला कुलूप लागलं, मी घरी बसलो, आणि घरी बसलेला माणूस वागतो तसा वागायला लागलो. आमटीत मीठ कमी झालं तरी भांडण, जास्त झालं तरी भांडण. बापूसाहेबांनी उपदेश केला नाही. रस्त्याकडच्या बैठकीत ते रोज पेपर वाचत बसत, ती खोली त्यांनी रिकामी केली आणि नलूला म्हणाले, "वहिनी, इथे चकली तळा आणि विका. रस्त्यावरची खोली आहे, गिऱ्हाईक वासानंच येतंय बघा. मी पेपर तो ओट्यावर पण वाचतो."

नलूची चकली चालली. मीही हळूहळू शहराबाहेर राऊ गावाकडे प्लॉट दाखवायच्या धंद्यात शिरलो. त्या दिवसांत मिलमधले सगळेच काही ना काही विकायला लागले होते. सांगायचं एवढंच, की या माणसामुळे आमची चूल पेटती राहिली, आणि त्याला साधी एक वस्तू आम्हाला देता येत नव्हती. नलूला हे फार लागायचं. दिवाळी जवळ आली की म्हणायची, "एकदा तरी त्यांनी आपल्याकडचं काही ठेवून घ्यावं हो."

भाऊबीजेला मात्र बापूसाहेब घरात नसत. ते राऊला बहिणीकडे, तायडीकडे जात. इस्त्रीचा झब्बा, काळी टोपी, सायकलच्या हँडलला कापडी पिशवी. संध्याकाळी परतले की जिन्यात उभं राहून सगळा वृत्तांत देणार. तायडीनं बासुंदी बढिया केली होती, पण साखर जरा जास्त. दाजी तो जेवले आणि पंख्याखाली जे झोपले ते उठलेच नाहीत.

एका भाऊबीजेला मलाही राऊला जावं लागलं, गिऱ्हाइकाला सुट्टी त्याच दिवशी होती. त्याला प्लॉट दाखवून वाटेला लावलं आणि चहाच्या टपरीवर थांबलो, तर रस्त्यापलीकडे निंबाखाली बापूसाहेब. मांडीवर पिशवी. समोरच्या नव्या तीन मजली इमारतीकडे बघत बसलेले. मी हाक मारणार, तेवढ्यात चहावाला म्हणाला, "पहचानते हो क्या? हर साल भाईदूज को आते हैं. यहाँ इनकी बहन का मकान था. बहन रही नहीं, जीजाजी बेच-बाच के पूना चले गए."

मी चहा अर्धा टाकला आणि त्यांना दिसणार नाही अशा रस्त्यानं निघालो. प्लॉट विकून पोट भरणारा माणूस मी, पण ती इमारत मला बघवली नाही.

घरी येऊन नलूला सांगितलं. तिनं उठून दूध आटवायला ठेवलं.

संध्याकाळी बापूसाहेब आले आणि पहिल्या पायरीवरून सुरू झाले, "काय वहिनी, आज तायडीनं..."

"वर येऊन सांगा," नलू म्हणाली.

वर पाट मांडलेला, भोवती रांगोळी, निरांजन लावलेलं. बापूसाहेब दारातच थबकले.

"माझा भाऊ या वर्षी नागपूरहून आला नाही," नलू म्हणाली. "सणाच्या दिवशी मी ओवाळायचं कुणाला? बसा."

"अरे वहिनी, पण आपल्याला काय..."

"बसा म्हणते ना."

इतकी वर्षं माझं ओरडणं जिथे चाललं नाही, तिथे हिचं एवढंसं बोलणं चाललं. बापूसाहेब बसले. टोपी सारखी केली. नलूनं कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, ओवाळलं. आता ओवाळणी घालायला हवी, म्हणून ते खिसे चाचपायला लागले. मग थांबले. पिशवी जवळ ओढली आणि तिच्यातून एक साडी काढली, जांभळी, काठाची, दुकानाच्या कागदातली. दोन्ही हातांनी तबकात ठेवली.

"तायडीला रंग पसंत नाही पडला," ते म्हणाले.

"मला पडला," नलू म्हणाली, आणि साडी उचलून कपाळाला लावली.

मग जेवायला वाढलं. बासुंदीचा एक घोट घेऊन बापूसाहेबांनी वाटी खाली ठेवली.

"तायडीला जाऊन बरीच वर्षं झाली, वहिनी."

"माहीत आहे," नलू म्हणाली. "पुरी वाढू?"

मला भरून आलं, म्हणून मी उगाच पोरांवर खेकसलो, की गडबड करू नका, त्यांना जेवू द्या. पोरं बिचारी गप्पच होती.

"वाढा," बापूसाहेब म्हणाले, आणि त्यांनी ताट पुढे केलं.