बसून खाणारं झाड

कोळ्यानं जाळं विणणं सोडून दिलं होतं, आणि इराचं एम.एस्सी. त्या जाळ्यावर लटकलं होतं.

निगडीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत तिनं काचेच्या पेटीत छोटी पाणथळ जागा केली होती. तिच्यात एक कोळी आणि एक दवबिंदू, म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरून पचवणारी वनस्पती. दोघांचं अन्न एकच, बारीक चिलटं. खाणं कमी पडलं की कोळी झाडापासून लांब सरकून मोठं जाळं विणतो का, एवढंच तिला पाहायचं होतं.

कोळी मात्र कोपऱ्यात ढेरी सांभाळत बसला होता. दवबिंदूची पानं काळी पडून सडत होती. इरानं भिंग लावलं. सडक्या पानावर पांढरा कण दिसला. चिमट्यानं उचलून तिनं वास घेतला.

"आई, हे पनीर आहे?"

"चिमूटभरच घालते गं," चित्राताई म्हणाल्या. "त्या मेल्या कोळ्यानं झाडाच्या तोंडचा घास पळवायचा आणि आपण बघत बसायचं?"

"मग कोळी कसा फुगला?"

इराच्या बाबांनी, शरच्चंद्रांनी, पेपर वर केला. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती गळ्यात मारल्यापासून ते बहुतेक पेपरामागेच असत. "केळ्याच्या सालीवर चिलटं जमतात. सोडतो आत. तो बिचारा नाईट शिफ्ट करून जाळं विणणार, आणि ते झाड नुसतं बसून खाणार!"

"बसून कोण खातं, ते मी बोलत नाही."

"बोललीस की."

शरच्चंद्र पुन्हा पेपरामागे गेले, चित्राताई स्वयंपाकघरात. त्या घराला त्याची सवय होती.

प्रोजेक्टच्या मॅडमनी फोनवर सगळं ऐकलं. "भरल्या पोटी कसली स्पर्धा, इरा? सगळं पुन्हा करावं लागेल. सत्र गेलंच समज. आणि पेटी कॉलेजात आण बाई. तुझ्या घरात कोणी उपाशी राहूच शकत नाही."

पेटी आकुर्डीला कॉलेजात गेली. गॅलरीत तिचा ओला चौकोन उरला, दुपारपर्यंत तोही वाळला. आई-बाबांपाशी आता भरवायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या सकाळी ओट्यावर दोन डबे होते. एकात आईची पोळी-भाजी. दुसऱ्यात बाबांनी जन्मात पहिल्यांदा केलेले, तळाला करपलेले पोहे. दारापर्यंत सोडायला दोघंही आले.

कॉलेजात इरानं दोन्ही डबे संपवले आणि पेटीसमोर बसली. उपाशी कोळ्यानं लांबच्या कोपऱ्यात पहिला धागा टाकला होता.

संध्याकाळी आईनं भांडी लावता लावता विचारलं, "आधी कुठला डबा उघडलास?"

"तुझाच."

थोड्या वेळानं बाबा गॅलरीत खाकरले. "पोहे... जरा लागले होते ना?"

"आधी तेच संपवले, बाबा."

एकाच प्रयोगाचे दोन निष्कर्ष तिनं आयुष्यात प्रथमच दिले होते. ताटं वाढली गेली, तेव्हा भूक नाही म्हणायची तिची हिंमत झाली नाही.