बाईंच्या गाडीचा रंग

"वर्कशॉपमधला फोन वाजला तर वाजू दे, तुम्ही उचलू नका," असं बायकोने मला बजावून ठेवलं होतं. मी उचलला. हेतू वाईट नव्हता हो! पाणीपुरवठा कार्यालयात आवक टेबलावर एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाचा हात वाजत्या फोनकडे आपसूकच जातो. (ऑफिसात जात नाही, तो भाग वेगळा.)

माझी बायको गाड्या नटवते. मूळ रंगावर पातळ रंगीत फिल्म चढवून गाडीला नखशिखान्त नवं रूप देते. या प्रकाराला 'रॅप' म्हणतात. (ती पहिल्यांदा म्हणाली, "मी रॅप शिकतेय," तेव्हा मी शेजाऱ्यांची आगाऊ माफी मागून आलो होतो.) हातात तिच्या जादू आहे. एका हातात हीट गन, दुसऱ्यात प्लास्टिकची पट्टी घेऊन ती बंपरच्या वळणावरून फिल्म अशी उतरवते, की लोखंडालाच कातडी फुटली असं वाटावं. मला साध्या वहीला कव्हर घालता येत नाही.

तर त्या शनिवारी मला सुट्टी होती आणि वर्कशॉपात एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची गाडी उभी होती. स्पोर्ट्स कार! सेकंड हँड, पण राजबिंडी. दोन दारं, आणि बुटकी इतकी, की शेजारी उभं राहिलं तर माझ्यासारखा माणूससुद्धा उंच दिसावा.

"चौतीस वर्षं मुलांवर ओरडले, व्हरांड्यात पळू नका म्हणून," गाडी सोडताना बाई म्हणाल्या होत्या. "आता मला पळायचंय."

मागे पंख हवा, पुढच्या बंपरला खाली काळी किनार हवी, चाकं काळी हवीत, असं सगळं त्यांनी सांगितलं होतं. रंग तेवढा फोनवर कळवणार होत्या.

आणि तोच फोन मी उचलला. तेवढ्यात गाड्यांचे पोचे काढणाऱ्या आमच्या डेंटरकाकांनी शेजारी ग्राइंडर सुरू केला.

"बाई बोलतेय. रंग ठरला. शेवाळी."

"काय? शेवंती?"

"हो हो, शेवाळी!"

"शेवंती! बरोबर!"

"अगदी बरोबर!" बाई म्हणाल्या. दोघंही समाधानाने फोन ठेवून मोकळे झालो.

मी चिठ्ठीवर लिहिलं : 'रंग – शेवंती (पिवळा)'. कंस माझा. मोघम काही ठेवायचं नाही, ही आमच्या खात्याची शिस्त.

चिठ्ठी वाचून बायकोच्या कपाळाला आठी पडली. "बाई नक्की पिवळा म्हणाल्या?"

"एकोणीस वर्षं झाली आवक सांभाळतोय," मी म्हणालो. "एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही."

ती बिचारी कामाला लागली. गुरुवारी दुपारी मी ऑफिसातून मुद्दाम लवकर सटकून वर्कशॉपात गेलो आणि दारातच थांबलो. काय दिसत होती गाडी! कुठे जोड नाही, कुठे सुरकुती नाही. वर काळं छप्पर, मागे ऐटीत पंख. बायको पुसायचं फडकं घेऊन लांब उभी राहून नुसती बघत होती. आजवरचं तिचं सगळ्यात मोठं काम होतं हे.

तेवढ्यात बाई आल्या. गाडीकडे बघितलं आणि चष्मा सावरला. मग तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारली, दारावरून बोट फिरवलं, वाकून चाकं पाहिली.

"वा! याला म्हणतात काम. ज्याची असेल तो नशीबवान," बाई म्हणाल्या. "बरं, आता माझी दाखवा."

डेंटरकाका जिथे होते तिथेच बसले. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी छपराच्या पंख्याकडे पाहिलं.

"बाई," बायको म्हणाली, "हीच तुमची."

"माझी शेवाळी आहे."

"शे... शेवंती ना?" मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण इयत्ता तिसरीतला.

"शेवाळी! शेवाळ माहीत आहे का? पाण्यावर येतं ते. तुमच्याच खात्यात असतं ना पुष्कळ?"

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता बाकावर उभं करतात. पण बाई गाडीला टेकून उभ्या राहिल्या आणि एकदम हळू बोलायला लागल्या. पहिल्या पगारात त्यांनी सायकल घेतली होती, शेवाळी रंगाची. तीवरून शाळेत जायच्या आणि उतारावर हात सोडून द्यायच्या. मुख्याध्यापिका झाल्या आणि सायकल सुटली. रविवारी जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता, आणि तिथे त्यांना त्याच रंगात उतरायचं होतं.

"पिवळी सुंदरच आहे," त्या म्हणाल्या. "मी अशीच नेते. तुमची मेहनत मोडवत नाही मला."

बायको पुढे झाली, बॉनेटच्या कोपऱ्यात नख घातलं आणि फर्रर्रकन फिल्म ओढली. चार दिवसांचं काम!

"रविवारी सकाळी नऊला या बाई," ती म्हणाली. "शेवाळी असेल."

ती मला एका शब्दानेही बोलली नाही. त्यापेक्षा ओरडली असती तर परवडलं असतं. मी दोन दिवसांची रजा टाकली. ती तापवायची, मी सोलायचो. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माझ्या दोन्ही कोपरांना, एका बुटाला आणि चष्म्याच्या काडीला शेवंती चिकटलेली होती. मग नवी फिल्म आली आणि मी स्टुलावर बसून तिचे हात बघत राहिलो. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण ती काम करताना सलग दोन दिवस मी कधी पाहिलीच नव्हती. आरशाच्या गोलाईवरून तिने एका दमात फिल्म ओढली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. डेंटरकाकांनीही वाजवल्या.

शेवटी तिला दया आली. "पेट्रोलच्या टाकीचं झाकण तेवढं तुम्ही करा."

वीतभर झाकण! मी त्यावर शनिवारची अख्खी दुपार घालवली.

रविवारी बाई आल्या. शेवाळी गाडीसमोर उभं राहून त्यांनी पदराने डोळे टिपले. बायकोचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पैकीच्या पैकी मार्क." मग गाडीभोवती फिरता फिरता मागच्या बाजूला थबकल्या.

"हे झाकण? यावर हे फोड कसले?"

"ते यांनी केलंय," बायको म्हणाली. "बदलून देते, पाच मिनिटं."

"नको नको, राहू दे," बाई माझ्याकडे मायेने बघत म्हणाल्या. "इतक्या देखण्या वस्तूला दृष्ट लागू नये म्हणून एवढं गालबोट हवंच."

बायको अगदी सहज म्हणाली, "माझ्या आईनेही लग्नात हेच सांगून माझी समजूत घातली होती."